घाटातले व्याकरण

वाकड्या दांडीची, अरुंद टायरांची सायकल घेऊन माणूस रस्त्याकडेला उभा राहिला, की त्याला दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला तिच्या किमतीविषयी. त्याचे खरे उत्तर मी देत नाही. घरीही दिलेले नाही. दुसरा प्रश्न असतो, "हिच्यावर किती चढ चढता येतो हो?" हा मात्र मला फार आवडतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा पालीसारखा भिंतीवर चढणारा मनुष्य असतो. त्याची निराशा करणे जिवावर येते.

शंभर मीटर पुढे गेल्यावर आपण दहा मीटर वर गेलो, तर त्या चढाला दहा टक्के म्हणायचे. शंभरापैकी दहा हे गुण ऐकून आमच्या धंद्यातला माणूस हळहळतो, घाबरत नाही. कोनात मोजला तर हा चढ सहा अंशसुद्धा भरत नाही. शंभर टक्के म्हणजेही उभी भिंत नव्हे, फक्त पंचेचाळीस अंश. पण कागदावरच्या या केविलवाण्या आकड्यांवर जाऊ नये. बोरघाटातून १८६३ साली आगगाडी सुरू झाली, तिच्या रुळांचा चढ सदतिसास एक, म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत. तेवढ्यासाठी कर्जतला बहुतेक गाड्यांच्या मागे जादा इंजिने जोडतात, हे कर्जतचा वडा खाल्लेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आता दहा टक्क्यांकडे पुन्हा एकदा आदराने पाहावे. तिथे मागून ढकलणारे कोणी नसते, आणि वडाही नसतो.

आमच्या लहानपणची काळी सायकल आठवा. पायडलजवळच्या तिच्या चक्रीला साधारण चव्वेचाळीस दाते, मागच्या फ्रीव्हीलला अठरा. पायडलची एक फेरी पुरी झाली, की सायकल सव्वापाच-साडेपाच मीटर पुढे जाई. सपाटीवर ही चैनच म्हणायची. पण दहा टक्क्यांच्या चढावर त्याचा अर्थ असा, की दर फेरीला आपण स्वतःला आणि त्या लोखंडी धुडाला हातभराहून अधिक वर उचलतो. म्हणून ती सायकल पाच-सहा टक्क्यांवरच कुरकुरू लागे आणि आपण खाली उतरून, चेन पाहिल्यासारखे करून, चालू लागत असू. आजच्या शर्यतीच्या सायकलीला पुढे चौतीस दाते आणि मागेही चौतीस अशी जोडी मिळते. एका फेरीत दोन मीटरांच्या जरा पुढे जायचे. वर जायचे ते वीतभर. गडाची उंची कमी झालेली नसते. हातभराच्या पायऱ्या मोडून त्या वीतभराच्या केल्या, एवढेच. जिन्याची पायरी वीतभरापेक्षा उंच न ठेवणाऱ्या गवंड्याला हे शहाणपण फार पूर्वीपासून आहे.

शर्यतवाल्यांना ते उशिरा पटले. फ्रान्समधल्या त्या जगप्रसिद्ध शर्यतीत १९१० साली स्पर्धकांना प्रथमच पिरेनीज पर्वतातल्या तूरमाले खिंडीवर, म्हणजे दोन हजार मीटरांपलीकडे नेले. त्या वर्षीचा विजेता ऑक्ताव्ह लापीझ हाही वाटेत काही ठिकाणी उतरून सायकल हाताने ढकलत गेला. चालता सायकल चालवीत असतानाच बदलता येणारे गिअर त्या शर्यतीत १९३७ पर्यंत वापरू देत नव्हते. गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे, असे शर्यतीच्या जनकाचे मत होते. माझी पंचेचाळिशी जवळ आल्यामुळे त्यांचा मला राग येत नाही.

आता आकडाच हवा असेल, तर आपल्या छतावरच्या जुन्या पंख्याने मोजू. तो सुमारे पंचाहत्तर वॅट वीज खातो. मी आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरले, तर दहा टक्क्यांवर ताशी सात किलोमीटर जायला दोन पंख्यांहून थोडे अधिक बळ लागते. वीस टक्क्यांवर तर ताशी साडेपाच किलोमीटरांनाच तीन पंखे लागतात. आणखी हळू जाऊ म्हणाल, तर पाचाच्या खाली सायकल झुलू लागते आणि तोल सांभाळण्यातच निम्मा जीव जातो. प्रकृतीने बरा, सवय असलेला मध्यमवयीन माणूस दोन पंखे बराच वेळ फिरवू शकतो, तीन काही मिनिटे. पट्टीचा शर्यतवाला पाच पंखे वीस मिनिटे सहज फिरवतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातला बाल्डविन रस्ता सर्वांत उभ्या भागात सुमारे पस्तीस टक्के आहे. तो सायकलीवर चढणारे आहेत. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये तर तसल्याच एका रस्त्यावरून १९८३ पासून शर्यत होते. चाळिशीच्या आसपास मात्र पायांचा प्रश्नच उरत नाही. पुढे झुकलात तर मागचे चाक घसरते, मागे रेललात तर पुढचे उचलते.

हे सारे खरे असले, तरी घाटात पंखे मोजायला कोण बसतो! मी मराठीचा प्राध्यापक आहे. चढ मोजण्याची माझी स्वतःची रीत आहे, आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. दोन-तीन टक्क्यांपर्यंत सायकलस्वार मिश्र वाक्ये बोलतो. त्यात गौण वाक्ये असतात, 'जरी' आणि 'तरी' असतात, शेजाऱ्यांची निंदा असते. पाच टक्क्यांवर केवल वाक्ये सुरू होतात. सातावर विशेषणे गळतात. आठावर क्रियापद एकटेच उरते. दहाच्या पुढे नुसती केवलप्रयोगी अव्यये ऐकू येतात, तीही बहुतेक शोकदर्शक. त्यापलीकडे नुसता श्वास.

हा शोध सिंहगडाच्या रस्त्यावर लागला. डोणज्याच्या बाजूने गडावर जाणारी ही वाट आठ-नऊ किलोमीटरांची. तेवढ्यात पाचशे मीटरांहून अधिक उंची गाठायची. सरासरी फार भयंकर नाही. पण सरासरीने चढतो कोण? काही वळणे दहाच्या पुष्कळ वर आहेत. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी पहाटे मी आणि माझी मुलगी तिथे निघालो. ती बारावीत आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या क्लासची फी भरून झाली होती, भिंतीवर वेळापत्रक लागले होते, आणि तिच्या मामाने कौतुकाने स्टेथोस्कोपही आणून ठेवला होता. पायथ्यापर्यंत ती खूप बोलत होती, सगळे मैत्रिणींविषयी. चढ लागला, तशी वाक्ये लहान झाली. एका उभ्या वळणावर ती माझ्या शेजारी आली.

"बाबा. डॉक्टर. नको."

मी दोन फेऱ्या मारल्या. "मग?"

"दगड."

आमच्याकडे वर्गात हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. तो मला उद्देशून असावा, असेही क्षणभर वाटले. पण तिने हनुवटीने रस्त्याकडेचा तासलेला काळा कातळ दाखवला, आणि पुढचे वळण संपेपर्यंत एकेक तुकडा करून सांगितले, "भू. गर्भ. शास्त्र." हा शब्द दहा टक्क्यांवर उच्चारून पाहावा. नको असलेला विषय कोणी एवढ्या कष्टाने बोलणार नाही. थोड्या सपाटीवर दम मिळाला, तेव्हा तिने सांगितले, की हा सगळा कातळ थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा आहे, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा.

पन्नास मिनिटे अखंड बोलण्याचा मला पगार मिळतो. सपाटीवर, चहाच्या टेबलाशी, या विषयावर मी प्रास्ताविक केले असते. नोकऱ्या, शहरे, भविष्य असे मुद्दे पाडले असते. 'आम्ही तुझ्यासाठी' हे शब्द कुठेतरी आलेच असते. पण सपाटी संपली होती. पुढचे वळण दिसत होते आणि माझ्याजवळ जेमतेम दोन अक्षरांपुरती हवा होती.

"बरं," मी म्हणालो. संमतिदर्शक केवलप्रयोगी अव्यय.

ती काही बोलली नाही. फक्त उभी राहून पायडल मारू लागली आणि मला मागे टाकून गेली. वर मडक्यातले दही खाताना दोघांनाही भरपूर दम होता. तरी विषय कोणी काढला नाही. निघताना हेल्मेटचा पट्टा लावता लावता तिने एकदाच विचारले, "ते बरं खरं होतं ना? की दम लागला म्हणून?"

"दोन्ही," मी म्हटले.

घरी आल्यावर तिने ते आईला स्वतःच सांगितले. आमच्या घराची फरशी शून्य टक्के चढाची आहे. त्यामुळे आमच्या सौभाग्यवतींनी मिश्र आणि संयुक्त अशी सर्व प्रकारची वाक्ये वापरली; त्यांतली काही मला उद्देशून होती आणि व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती. मामाचा फोनही येऊन गेला. स्टेथोस्कोप अजून कपाटावर आहे. हिला सायकल येते, लग्नाआधी कॉलेजात सायकलनेच जात असे. मी तशी एक सूचना करून पाहिली. तिने नुसते माझ्याकडे पाहिले, पण नाही म्हटले नाही.

क्लासचा दुसरा हप्ता दिवाळीनंतर भरायचा आहे. मधे चार रविवार आहेत.