बीएमएसची वाटणी

‘क्रेडिट, व्हर्टिकल, ओजेटी असले शब्द नकोत, वाचक फराळ खात वाचणार आहेत,’ अशी सूचना करून संपादकांनी हा लेख मागितला. व्यवस्थापन हा विषय बरीच वर्षे शिकवत असलेल्या प्रस्तुत लेखकाने ती मान्य केली. ती शेवटपर्यंत पाळली जाईलच, असे वाचकांनी धरून चालू नये.

निमित्त २०२४ च्या जुलैतले. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले एक व्यापारी मुलीच्या प्रवेशाचे विचारायला आले होते. हातात दोन महाविद्यालयांची माहितीपत्रके. एकात बीएमएस, म्हणजे बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज, त्यासाठी सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, सक्तीची. दुसऱ्यात ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’, त्याला बारावीचे गुण पुरेसे. दोन्हींचे पहिल्या सत्राचे तक्ते त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीकडे हिशेब, अर्थशास्त्र, संवादकौशल्य आणि व्यवस्थापनाची तत्त्वे. ‘सर, माल तो वही है, लेबल दो लगे हैं?’ त्यांनी विचारले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद ज्या गावाने देशभर पोचवला, तिथल्या माणसाला लेबल म्हणजे काय ते समजावण्याची गरज नसते. मुलगी कला शाखेची, बारावीला चांगले गुण मिळवलेली. मेमध्ये सीईटी होऊन गेली, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही, कारण ‘लेबल दोन का’ याला सरळ उत्तर नाही. जे आहे ते लांबचे आहे.

मुंबई विद्यापीठाने बीएमएस सुरू केले १९९९ मध्ये, डॉ. स्नेहलता देशमुख कुलगुरू असताना. त्याआधी या भागातल्या मुलांना धंद्याचे पदवी-शिक्षण म्हणजे बी.कॉम. १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघाले तेव्हापासून मुंबईत वाणिज्य शिक्षणाची ती ठरलेली वाट. बीएमएसने वेगळी वाट काढली आणि तिची सगळ्यात शहाणी गोष्ट अभ्यासक्रमात नव्हती, प्रवेशाच्या नियमात होती. जागांची विभागणी वाणिज्य ४५ टक्के, कला २५, विज्ञान २५ आणि पदविका वगैरेंना ५ टक्के, अशी होती. म्हणजे एकाच वर्गात जमाखर्चाच्या नोंदी आधीपासून येणारी मुलगी, संख्याशास्त्राला न घाबरणारा विज्ञानाचा मुलगा आणि माणसे कशी वागतात यावर चार वाक्ये नीट लिहू शकणारे कला शाखेचे कोणी, असे तिघे एका गटप्रकल्पात ओढून आणले जात. भांडत, रडत, शेवटच्या रात्री प्रकल्प पुरा करत. आंतरविद्याशाखीय हा शब्द तेव्हा कोणी फारसा उच्चारत नसे. वर्गात मात्र ते रोज घडत होते, आणि ज्या शिक्षकांनी तो वर्ग घेतला आहे त्यांना त्याचा अभिमान आहे. प्रस्तुत लेखकालाही आहे.

पालकांनी या पदवीला ‘छोटा एमबीए’ म्हणायला सुरुवात केली. ते चुकीचे होते आणि आजही आहे. एमबीए पदवीनंतरची, तिथे विशेषज्ञता अपेक्षित असते. बीएमएसमध्ये अठरा वर्षांच्या मुलाला धंदा हा प्रकार सगळ्या बाजूंनी दाखवायचा होता. ‘सर, प्लेसमेंट किती?’ हा एकच प्रश्न विचारणाऱ्यांना हा फरक सांगून थकायला होते.

या पदवीची वाटणी तशी आधीपासूनच चालू होती. २००३ च्या सुमारास अकाउंटिंग अँड फायनान्स, बँकिंग अँड इन्शुरन्स असे स्वतंत्र विनाअनुदानित अभ्यासक्रम निघाले. पुढे फायनान्शियल मार्केट्स आला. हिशेबात रमणारी मुले तिकडे वळली. मग अभ्यासक्रमाची फेरमांडणी झाली, तेव्हा बीएमएसच्या आतच तीन दालने पडली: फायनान्स, मार्केटिंग, एचआर. दुसऱ्या वर्षी निवडलेल्या गटातले दोन पेपर, तिसऱ्या वर्षी सत्राला चार. एकोणिसाव्या वर्षी मुलाने ठरवायचे की आपण माणसे सांभाळणार की पैसे. मित्र जिकडे, तिकडे मुले जात. तरीही पदवी एकच होती. हे महत्त्वाचे, कारण जगात इतरत्रही असेच चालते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे व्हॉर्टन स्कूल १८८१ पासूनचे. तिथल्या पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना आजही अर्थशास्त्रातली एकच पदवी मिळते, वेगळा असतो तो आतला विशेष विषय.

२०२४-२५ पासून मात्र पदवीच फुटली. तीही शिक्षणाच्या कारणाने नव्हे, कायद्याच्या. एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, बीबीए, बीसीए, बीएमएस हे पदवी अभ्यासक्रम आपल्या मान्यतेखाली घेतले. लोक विचारतात, बीएमएसमध्ये तंत्रशिक्षण कसले? इथे थोडे खोलात जावे लागेल, संपादकांनी क्षमा करावी. एआयसीटीईचा कायदा १९८७ चा. त्यातल्या कलम २(जी) मध्ये तंत्रशिक्षणाची व्याख्या आहे. तीत अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, नगररचना, औषधनिर्माणशास्त्र यांच्या रांगेत ‘व्यवस्थापन’ हा शब्द पहिल्या दिवसापासून बसलेला आहे. म्हणजे परिषदेने नवे काही बळकावले नाही, व्यवस्थापनाच्या पदवीसाठी सदतीस वर्षे न वापरलेला हक्क वापरला. उलट बाजूही तेवढीच भक्कम आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांना एमबीए चालवायला एआयसीटीईच्या मान्यतेची गरज नाही असा निकाल दिला होता, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रकरणात परिषदेची मान्यता-प्रक्रिया चालू राहू दिली. संलग्न महाविद्यालयावर शेवटचा शब्द कोणाचा, विद्यापीठाचा की दिल्लीतल्या परिषदेचा, हा झगडा त्यामुळे जुना आहे आणि बीएमएस त्याच्या मध्ये सापडले. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर इमारत, ग्रंथालय, शिक्षकसंख्या यांवर परिषदेने लक्ष ठेवायला हरकत नाही. खोलीभर जागेत चालणारे व्यवस्थापन वर्ग अनेकांनी पाहिले आहेत. पण काय शिकवायचे हे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने ठरवावे.

मान्यतेमागोमाग सीईटी आली. २९ मे २०२४ ला राज्यभर पहिली परीक्षा झाली. जागा एक लाखाच्या वर, परीक्षेला बसलेले विद्यार्थी पन्नास हजारांच्या आत. ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. दरम्यान अनेक महाविद्यालयांनी व्यवहारी मार्ग काढला: बीएमएस हे नाव सोडायचे आणि तोच अभ्यासक्रम बी.कॉम.च्या कंसात बसवायचा. कंसातले बी.कॉम. परिषदेच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे सीईटी नाही आणि केंद्रीय प्रवेशही नाही. नाव बदलणाऱ्यांना पळपुटे म्हणणे सोपे आहे. जून उलटला, वर्ग रिकामा, शिक्षक तासावर नेमलेले आणि पगार फीवर अवलंबून, अशा वेळी प्राचार्यांनी दुसरे काय करायला हवे होते, ते मात्र कोणी सांगत नाही.

त्यात नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांतही त्याच वर्षी लागू झाले. आता तीन वर्षांची पदवी, चार वर्षांची ऑनर्स, शिवाय संशोधनासह ऑनर्स, त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. मध्येच एका वर्षाने प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, आणि हो, ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा, असा नियम आहे. नियम चांगला. पण पूर्वी कला आणि विज्ञानाची मुलेच शेजारच्या बाकावर होती. आता सीईटीच्या गुणवत्ता यादीत शाखांचे असे वाटे नाहीत आणि शेजाऱ्याऐवजी आठवड्यातून दोन-तीन तासांचा पेपर आला आहे. लहान महाविद्यालयात ओपन इलेक्टिव्हच्या टोपलीत काय असते? जो शिक्षक रिकामा आहे, त्याचा विषय.

एकच साचा सगळ्यांना कसा पुरणार, असे वाटणीचे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य आहे, आणि ते कल्याणपुढच्या तीन स्टेशनांवर दिसते. उल्हासनगरात जीन्स, फर्निचर किंवा कापडाच्या दुकानातला मुलगा पदवीनंतर गल्ल्यावरच बसणार असतो. त्याला जीएसटी, उधारीची वसुली आणि माल फिरवणे यायला हवे. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून जीन्स धुलाईचे कारखाने बंद झाले, तेव्हा ज्यांना पर्यावरणाचे कायदे ठाऊक नव्हते त्यांची किती धावपळ झाली ते इथे सगळ्यांनी पाहिले. अंबरनाथला एमआयडीसी आणि ऑर्डनन्स फॅक्टरी. तिथल्या घरांत पगारी नोकरीचा मान मोठा, म्हणून मुलांचा ओढा एचआर आणि लॉजिस्टिक्सकडे. बदलापूरचे विद्यार्थी बहुतेक अशा घरांतले, जी मुंबईत जागा परवडेना म्हणून इकडे आली. त्यांचे लक्ष पुढच्या एमबीएवर असते, आणि लोकलमध्ये उभ्याने पाठांतर करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

पण या तिघांच्या गरजेप्रमाणे पदव्या वेगळ्या झाल्या असत्या तर हा लेख कौतुकाचा झाला असता. झालेली वाटणी सीईटी दिली की नाही, यावर झाली आहे. शिवाय महाविद्यालय कोणत्या विद्यापीठात यावरही. एचएसएनसी बोर्ड या शिक्षणसंस्थेची चर्चगेटची एच. आर. आणि के. सी. महाविद्यालये २०२० पासून स्वतःच्या समूह विद्यापीठात गेली. त्याच बोर्डाचे उल्हासनगरचे १९६५ चे चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय मुंबई विद्यापीठातच राहिले. संस्था एक, पण पदवीवरचे विद्यापीठ कोणत्या स्टेशनावर उतरता त्यावर ठरते.

वेगळे मार्ग जरूर असावेत, पण दुसऱ्या वर्षानंतर. पहिली दोन वर्षे सगळ्यांना सामाईक ठेवावीत, प्रवेशात कला आणि विज्ञानाचा वाटा परत आणावा आणि तिसऱ्या वर्षापासून घरचा धंदा, नोकरी व पुढचे शिक्षण असे तीन स्वतंत्र रस्ते द्यावेत. हे मत लेखकाने सभांमधूनही मांडले आहे. इतिवृत्तात त्याची नोंद ‘चर्चा झाली’ एवढीच आहे.

तोवर पालकांना एक विनंती. अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन विचारा: पदवी प्रमाणपत्रावर नेमके कोणते शब्द छापून येणार, त्यावर विद्यापीठ कोणते, अभ्यासक्रमाला एआयसीटीईची मान्यता आहे का, आणि चौथे वर्ष याच महाविद्यालयात मिळणार का. उत्तरे लेखी मागा. आणि मूल अकरावीत असेल तर सीईटीच्या तारखांवर आत्तापासून लक्ष ठेवा.