ओल्या फांदीसारखं हाड

रत्नागिरीहून समुद्राकाठच्या रस्त्यानं गणपतीपुळ्याला निघालात, तर वाटेत आरे-वारे हे जुळे किनारे लागतात. पाहुणे गाडी थांबवून समुद्र बघत बसतात. माझं आजोळ तिथलं, त्यामुळे आम्हा पोरांचं लक्ष झाडांवर. आणि झाडं म्हटली की पडणं आलंच! त्यातही जांभूळ मोठी दगाबाज. फांदी दिसते जाडजूड, नि पाय ठेवला की कडकन मोडते.

एका मे महिन्यात माझा नऊ वर्षांचा मामेभाऊ असाच पडला. पडताना आपण काय करतो? हात पुढे टेकतो. सगळा भार तळहातावर येतो आणि मनगट, त्याच्या मागचा हात किंवा कोपराच्या वरचं हाड मोडतं. भावाचा हात मनगट आणि कोपर यांच्या मधेच वाकला होता. रक्ताचा थेंब नाही. शेजारी म्हणाले, "मोडलं नाहीये, नुसतं वाकलंय. तेल लावून चोळा!" मामीनं ऐकलं नाही. वर्तमानपत्राची जाड घडी हाताखाली धरून तिनं ती जुन्या साडीच्या पट्टीनं सैलसर बांधली आणि एसटीनं रत्नागिरी गाठली.

एक्स-रेत दिसलं, की हाड एका बाजूनं तडकलंय आणि दुसऱ्या बाजूनं वाकलंय. म्हणजे मोडलंच होतं! तुम्हीच करून बघा. वाळकी काडी वाकवली तर कटकन दोन तुकडे होतात. ओली काडी वाकते, बाहेरून फाटते, पण तुटून वेगळी होत नाही. मुलांचं हाड लवचीक, वरचं आवरणही जाड. म्हणून ते ओल्या काडीसारखं मोडतं. डॉक्टर त्याला 'ग्रीनस्टिक फ्रॅक्चर' म्हणतात. गंमत म्हणजे, हाड मोडण्याचे बारा प्रकार सुश्रुतसंहितेत दिलेत, आणि त्यात 'वक्र' हाही एक आहे. चुरा झालेलं ते 'चूर्णित'. एक्स-रेचा शोध तर रॉन्टगेननं लावला 1895 मध्ये!

कसे पडलो त्यावर काय मोडणार ते ठरतं. पाय रुतून बसला आणि अंग वळलं, तर नडगीचं हाड पिळवटून तिरकं मोडतं. माडावरून पाडेली पायांवर पडला तर टाच मोडते. अशा वेळी डॉक्टर त्याची पाठही तपासतात, कारण धक्का मणक्यापर्यंत जातो. आजीचं हाड ठिसूळ झालेलं असतं, तिला न्हाणीघरात घसरणंही पुरतं.

पण खरी भीती मोडण्यापेक्षा बांधण्याची. आमच्या ओळखीच्या एका मुलाचं कोपर असंच दुखावलं होतं. घरच्यांनी बांबूच्या कामट्या लावून हात करकचून आवळला. पोरगं रात्रभर रडलं. दुखतंय ते मोडल्यामुळेच, असं सगळ्यांना वाटलं. रक्त न पोचल्यानं काही तासांतच स्नायू मरू लागतात. त्याची बोटं आत वळली ती कायमची. फोल्कमान या जर्मन शल्यवैद्यानं 1881 मध्येच हे लिहून ठेवलंय. बांधलेल्या हाताची बोटं गार, पांढुरकी किंवा निळी पडली, मुंग्या आल्या, बोट सरळ करताना जीव जाईल असं दुखलं, तर पट्टी तिथल्या तिथं सैल करायची आणि दवाखाना गाठायचा. प्लास्टर असेल तर रात्री दोन वाजतासुद्धा!

भावाचं प्लास्टर सहा आठवडे राहिलं. मामी पहिले दोन दिवस दर तासाला त्याला बोटं हलवायला लावायची, आणि तो वैतागून प्रत्येक वेळी तिला फक्त करंगळी हलवून दाखवायचा.