कुंझुमच्या चढावर

अटल बोगद्यामुळे रोहतांगचा वळसा टळतो, पण ग्राम्फूच्या पुढे स्पितीचा रस्ता अजून जुन्याच वळणाचा आहे. धोंडे, धूळ, आणि दर थोड्या अंतरावर रस्त्यावरूनच वाहणारे हिमनद्यांचे नाले. आमच्या जुन्या डिझेल जीपने हे सगळं निभावलं. बातलचा पूल ओलांडून कुंझुम खिंडीचा चढ लागला तेव्हा मात्र ती आचके द्यायला लागली. पुढच्याच वळणावर बंद पडली.

चालक लाहौलचे, या वाटेवर मुरलेले. चाकामागे दगड लावून झाल्यावरही त्यांनी सेल्फला हात लावला नाही. आधी एअर फिल्टरचा डबा उघडून बोटांनी आतून चाचपला. सकाळपासून इतके नाले ओलांडले होते. इंजिनात पाणी गेलेलं असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. डबा कोरडा होता.

मला वाटलं, उंचीचा त्रास असेल. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के उरतो. पण मग जुनं डिझेल इंजिन काळा धूर ओकतं, त्याची ताकद घटते. असं आचके देत मरत नाही. वायर तुटली असती तर ते एका क्षणात बंद झालं असतं. गाडी कशी बंद पडली, यातच अर्धं निदान असतं, हे मला तिथे पुरतं पटलं. हिला डिझेल पोचत नव्हतं.

टाकीचं झाकण सैल केलं. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला नाही, म्हणजे टाकीची श्वासनळी मोकळी होती. मग हँडपंप दाबला, तर तो पोकळ लागला. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करताच नुसता फेस आला. लाईनने एअर घेतली होती.

अवघड भाग पुढेच असतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन ओढीची. इंजिन चालू असताना तिथल्या बारीक चिरेतून डिझेल गळण्याऐवजी हवा आत शिरते, त्यामुळे डाग शोधून उपयोग नाही. शिवाय चढावर मागची टाकी इंजिनाच्या आणखी खाली जाते, पंपाला जास्त ओढावं लागतं. सपाटीवर लपलेला दोष घाटात उघडा पडतो तो यामुळे. चालकांनी रबरी पाईप वीतवीत वाकवून पाहिला. क्लिपच्या अगदी कडेला चीर सापडली. तेवढं टोक कापलं, पाईप पुन्हा चढवून क्लिप आवळली. मी हँडपंप मारत राहिलो. फेस संपून डिझेलची अखंड धार लागली तसा त्यांनी स्क्रू बंद केला.

सेल्फ थोडा मारला, थांबले, पुन्हा मारला. थंडीत बॅटरी आधीच मंदावलेली असते. ती उगाच पिळायची नाही. इंजिन धडधडलं, जरा अडखळलं आणि मग एका लयीत चालू लागलं.

खिंडीत कुंझुम मातेच्या मंदिराला गाडीसह प्रदक्षिणा घालायची रीत आहे. तीही इंजिन चालू ठेवूनच घातली आणि लोसरकडे उतरलो. काझ्यात पोचल्यावर चालकांनी तो पाईप पूर्ण काढून नवा बसवला. कापून चढवलेलं टोक चांगलं टिकलं होतं. तरी परतीच्या चढावर त्यांना त्याचा भरवसा नको होता.