मलप्रभेच्या काठाने संगमापर्यंत

आमच्या दिवाणखान्यात दोन तसबिरी शेजारी शेजारी लावलेल्या आहेत. एक माझ्या वडिलांची, दुसरी माझ्या सासूबाईंची. वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ आहे, सासूबाईंच्या नावाआधी ‘लिं.’ आहे. आपल्या भागातल्या दुभाषी घरांत असे चित्र नवे नाही. पण नऊ वर्षांच्या मुलाला ते नवे होते. त्याने दोन्ही अक्षरांचा अर्थ विचारला. मी सांगितले, कै. म्हणजे कैलासवासी, आजोबा कैलासात राहायला गेले. लिं. म्हणजे लिंगैक्य, अज्जी लिंगात मिसळून गेली, वेगळी उरली नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे आजोबा भेटतील कधीतरी, पण अज्जी नाही भेटणार?”

मला उत्तर देता आले नाही. 2024 साली सात महिन्यांत ही दोन्ही माणसे गेली, आणि हा प्रश्न त्याच्याआधी माझ्याच मनात येऊन बसला होता.

माझे माहेर खानापूरचे, मराठी. सासर बैलहोंगल बाजूचे, कन्नड लिंगायत. आमचे लग्न वडिलांना पसंत नव्हते. भाषेबद्दल त्यांची तक्रार नव्हती, ते स्वतः बाजारात अस्सल कन्नड बोलत. पण सोयरीक आपल्यात व्हावी, एवढे त्यांचे म्हणणे होते. सात वर्षे ते आमच्या बेळगावच्या घरी जेवले नाहीत. येत, चहा घेत आणि उठत. मुलगा झाल्यावर एका रविवारी अत्तींनी होळिगे आणि कट्टिन सारू केले होते. आपण ज्याला पुरणपोळी आणि कटाची आमटी म्हणतो, तेच. अत्तींनी न विचारताच पान वाढले आणि बाबा बसले. त्यानंतर ते दर रविवारी येऊ लागले. रुसवा गेला असे मी धरून चालले. तोंडाने मात्र आम्ही दोघे त्याविषयी कधीच बोललो नाही.

जानेवारी 2024 मध्ये बाबा गेले. दहाव्या दिवशी मलप्रभेच्या काठी पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. तास गेला, दीड तास गेला. भाऊ हात जोडून म्हणाला, “आईला सांभाळीन, शेत विकणार नाही.” काका काही बोलले, आत्या काही बोलली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी काय सांगणार? शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. घरी परतताना कोणी काही म्हणाले नाही, आणि तेच मला जास्त लागले. बाबा माझ्यावरचा राग घेऊनच गेले, असे माझ्या मनाने घेतले.

त्या रात्री अत्ती माझ्याजवळ बसल्या. त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, “आमच्यात कावळ्याला विचारत नाहीत ग. दर रविवारी नातवाला मांडीवर घेऊन जेवले की नाही? मग आता कावळ्याने येऊन वेगळे काय सांगायचे?” मला थोडे बरे वाटले. थोडेच.

ऑगस्टमध्ये त्याही गेल्या. त्यांना बसवून फुलांनी सजवले, कपाळभर विभूती लावली. गळ्यातल्या चांदीच्या करडिगेतले इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवले आणि त्या तशाच बसलेल्या मातीत गेल्या. अग्नी नाही, अस्थी नाहीत, पिंड नाही. भजन चालू होते. मी रडू लागले तेव्हा एक म्हातारी नातेवाईक म्हणाली, “हुट्टिदवरु होगलेबेकु.” जन्मले त्यांना जायलाच हवे. खरे सांगायचे तर त्या रीतीतला शांतपणा मला आवडला. पण दहाव्या दिवशी सकाळी उठले तेव्हा हातांना काही कामच नव्हते. आपल्याकडच्या विधींत भीती आहे हे खरे, पण दुःखाने वेडावलेल्या माणसाला ते दहा-बारा दिवस काहीतरी करायला लावतात. हेही मला त्याच दिवशी कळले.

अत्तींची एक इच्छा राहून गेली होती, कूडलसंगमला जाण्याची. दर वर्षी म्हणायच्या आणि दर वर्षी काहीतरी निघायचे. मग त्याच म्हणायच्या, “मुंदिन वर्ष होगोण.” पुढच्या वर्षी जाऊ. म्हणून डिसेंबर 2024 मध्ये मी, यजमान आणि मुलगा निघालो. यजमान म्हणाले, सरळ रस्त्याने बागलकोट गाठू. मी म्हटले, नाही, नदीच्या बाजूने जाऊ. कारण बाबांच्या अस्थी याच नदीत सोडल्या होत्या, आणि नदी जिथे संपते तिथेच अत्तींना जायचे होते.

मलप्रभा आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. जांबोटीवरून चोर्ला घाटाकडे जाताना हे गाव लागते. माउलीच्या देवळाजवळच्या कुंडातले ते पाणी पाहून ही पुढे एवढी मोठी होईल असे वाटत नाही. खाली हब्बनहट्टीला नदीकाठी मारुती आहे. पावसाळ्यात देऊळ पाण्याखाली जाते, पाणी ओसरले की मारुती पुन्हा दिसू लागतो. लोकांना त्याची काळजी वाटत नाही. असोग्याला रामलिंगेश्वराच्या घाटावर आम्ही थांबलो. बाबांच्या अस्थी इथेच सोडल्या होत्या. मुलाने पाण्यात हात बुडवून पाहिला आणि म्हणाला, “गार आहे.” तेवढेच.

दुसऱ्या दिवशी मुगटखान हुबळी, म्हणजे आपण एम. के. हुबळी म्हणतो ते. पुणे-बंगळूर महामार्गावरून आपण शंभर वेळा जातो, पण नदीच्या पात्रात गंगांबिकेचे ऐक्यस्थळ आहे तिथे उतरत नाही. गंगांबिका ही बसवण्णांची पत्नी. बाराव्या शतकात कल्याणात बिज्जळ राजाच्या काळी बसवण्णांनी जातिभेद मोडणारी माणसे एकत्र केली. मधुवरसाची मुलगी आणि हरळय्याचा मुलगा, म्हणजे ब्राह्मण आणि चांभार घराण्यांत सोयरीक झाली. राजाने दोघांच्या वडिलांना देहदंड दिला, कल्याण पेटले आणि शरण चारी दिशांना पांगले. त्यांतले बरेच जण आपल्याच बाजूला आले. खानापूर तालुक्यात कक्केरीला डोहर कक्कय्या, उळवीला चन्नबसवण्णा, आणि इथे नदीत गंगांबिका. सोयरिकीवरून एवढे रामायण झालेले, आणि आमच्या घरात सात वर्षांचा अबोला तेवढा! कठड्याला टेकून मी हे यजमानांना म्हटले तेव्हा ते हसले. अंतिम दर्शनानंतर प्रथमच हसले असावेत.

पुढे सौंदत्ती. नविलुतीर्थाला नदी अडवून रेणुकासागर झाला आहे. वर डोंगरावर यल्लम्मा. महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून सारख्याच श्रद्धेने लोक येतात, आणि ‘उदे’चा गजर दोन्ही भाषांत एकच. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला ही देवी विधवा होते आणि पुढे पुन्हा अहेव होते. दरसाल मरणाचे दुःख करायचे आणि दरसाल ते पुसायचे, असा हा देवीचा संसार. आई मला लहानपणी इथे आणायची. तेव्हा याचा अर्थ कळत नव्हता.

बदामीला मुक्काम करून सकाळी पट्टदकलला गेलो. 1987 पासून जागतिक वारसा असलेली ही चालुक्यांची देवळे पाहायला वेळ हाताशी ठेवूनच जावे. इथे मलप्रभा उत्तरेकडे वळते, म्हणून जागा पवित्र मानली आणि चालुक्य राजांचे राज्याभिषेक इथे होत. ऐहोळेवरून अमीनगडला करदंट घेतला आणि दुपारी संगमाला पोहोचलो.

कूडलसंगम हे बागलकोट जिल्ह्यातल्या हुनगुंद तालुक्यात, विजापूर-होस्पेट महामार्गापासून थोडे आत आहे. कृष्णा आणि मलप्रभा इथे मिळतात. काठावर चालुक्य शैलीतले संगमेश्वराचे जुने देऊळ आहे. बसवण्णा मुलगा असताना शिकायला इथेच आले, आणि कल्याण सोडल्यावर अखेरीस इथेच परतले. त्यांच्या वचनांच्या शेवटी याच देवाचे नाव येते. गंमत अशी की देव देवळात न शोधता तळहातावर घ्या, असे सांगणाऱ्या माणसाच्या गावी आज देवळातच मोठी रांग असते. रांगेतल्या बऱ्याच जणांच्या गळ्यात लिंगही असते. कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. मलाही वाटली नाही.

ऐक्यलिंगाची जागा मात्र वेगळी आहे. कृष्णेवर नारायणपूरचे धरण 1982 साली पुरे झाले आणि त्याचे पाणी इथवर चढले. ती जागा बुडू नये म्हणून तिच्याभोवती खोल विहिरीसारखे बांधकाम केले आहे. पाण्यावरून चालत जायचे आणि मग पायऱ्यांनी खाली खाली उतरायचे. बाहेर चहूकडे पाणी आणि आपण त्या पाण्याच्या पातळीखाली कोरड्या जमिनीवर उभे. खाली एक साधे लिंग आहे. अत्तींच्या वाटचे बेलपत्र यजमानांनी ठेवले. ते मनातल्या मनात काही बोलत होते, मी विचारले नाही.

वर आल्यावर मुलाने विचारलेच, “इथे अज्जी आहे का?” यजमान म्हणाले, “अज्जी लिंगात आहे. लिंग सगळीकडे आहे.” तो म्हणाला, “आणि आजोबा?” मी समोर बोट दाखवले. दोन नद्या जिथे मिळतात तिथे कुठले पाणी कुठले ते सांगता येत नव्हते. असोग्याला सोडलेल्या अस्थी इथवर आल्या असतील का? मधे धरण आहे, कालवे आहेत, रानेच्या राने त्या पाण्यावर भिजतात. काय पोहोचले आणि काय कोणाच्या ज्वारीत मुरले, कोण सांगणार? मी त्याला तसेच सांगितले. त्याला ते ज्वारीचे जास्त पटलेले दिसले.

दासोहात जेवून संध्याकाळी निघालो. गाडीत बसताना शेजारी जेवलेल्या अनोळखी आजींना मुलगा म्हणाला, “होगि बर्तीनि.” आपणही घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. कन्नडमध्येही तसेच, जाऊन येते. बाबा आणि अत्ती, दोघेही आयुष्यभर असेच म्हणत बाहेर पडले. मरणानंतर काय आहे याबद्दल माझा कुठल्याच बाजूने ठाम विश्वास नाही. पुनर्जन्म असेल, नसेल. कैलास असेल, नसेल. पण देव आहे असे मला वाटते, आणि तो कावळा पाठवून लेकीला शिक्षा करणारा नसावा, एवढे त्या प्रवासाने माझ्यापुरते ठरवून टाकले. बाबा दर रविवारी जेवायला येत होते, तेच त्यांचे सांगणे होते. अत्तींनी ते त्याच रात्री सांगितले होते, मला समजायला नदीभर चालावे लागले.

2025 च्या सर्वपित्रीला मी गच्चीवर पान ठेवले. खीर, वडा, भाजी, आणि रीतीत नसलेली एक होळिगे. यजमानांच्या घरात हे काही पाळत नाहीत, तरी ते हातातला पेपर ठेवून वर आले आणि माझ्यासोबत उभे राहिले. बऱ्याच वेळाने एक कावळा आला आणि वडा घेऊन गेला. होळिगे तशीच राहिली. दुपारी खारीने नेली.