वाहणारं रबर

मी तुळजापूरचा म्हटलं की लोक आधी देवीचं विचारतात, मग ब्रँच. 'पॉलिमर' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे प्लॅस्टिकच ना?" हो, प्लॅस्टिकच! आमचं दुकानही बादल्या-स्टुलांचं. नवरात्राआधी प्रसादवाले, चहावाले स्टुलं नेतात आणि पौर्णिमेनंतर "तडकलं, बदलून द्या" म्हणत येतात. अण्णा गुपचूप बदलून देतात. नुकसान आमचं.

ही स्टुलं बहुधा पॉलिप्रोपिलीनची. स्वस्त, हलकी, पण थंडीत ठिसूळ, आणि जोरात आपटली तर उन्हाळ्यातही तडकतात. उपाय, थोडं रबर मिसळणे. पण ट्यूबचं रबर चालत नाही. १८३९ मध्ये गुडइयरने गंधकाने रबराच्या साखळ्या कायमच्या बांधल्या. त्या पुन्हा वितळत नाहीत. १९६० च्या दशकात शेल कंपनीने वेगळं रबर आणलं. टोकांना कडक पॉलिस्टायरीन, मधे लवचीक साखळी. गार असताना टोकांच्या गाठी बसतात, तापवलं की सुटतात. हेच थर्मोप्लॅस्टिक इलास्टोमर.

खरी गंमत पुढेच आहे. कणीक सैल आणि पुरण घट्ट असलं की पोळी फुटते ना, तसंच इथे. वितळलेलं रबर प्लॅस्टिकपेक्षा फार घट्ट असेल तर त्याचे बारीक थेंब होत नाहीत, गोळे राहतात. म्हणून सहज वाहणारं रबर हवं. ते मेल्ट फ्लो इंडेक्सने कळतं: २३० अंशाला, २.१६ किलो वजनाखाली, दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर आलं?

मग साखळी आखूड करा, झालं! लांबी निम्मी केली की घट्टपणा साधारण दहापट उतरतो. पण फार आखूड केली तर गाठी धरत नाहीत, ताकद जाते. त्यापेक्षा मधल्या साखळीला आखूड फांद्या जास्त ठेवल्या तर रबर वाहतंही आणि पॉलिप्रोपिलीनशी जुळतंही. पॉलिमर कसं वाहतं, याच विषयात माशेलकर सरांनी कितीतरी वर्षं घातली, ती उगाच नाही!

हे सगळं मी दिवाळीत अण्णांना सांगितलं. उन्हाने जुनं झालेलं स्टूल यानेही वाचणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "किलोमागं किती वाढतील रे?"

प्रश्न बरोबर होता. रबर प्लॅस्टिकपेक्षा महाग. पण बारीक पसरलं तर कमी रबरात काम भागतं. वाहणाऱ्या रबरामागे लागायचं ते याचसाठी.