स्नेहाची मोजदाद

संस्कृत भाषेंत तेल, तूप, चरबी या सर्वांस मिळून 'स्नेह' असें एकच नांव आहे, आणि मायाममतेसही तेंच. चरकसंहितेंत तूप, तेल, वसा व मज्जा असे चार स्नेह सांगितले असून तुपास अग्रस्थान दिलें आहे. तेलांत तिळाचें तेल श्रेष्ठ मानलें आहे. 'तैल' हा शब्दच मुळीं तिळापासून निघाला. पानावर तूप कमी पडलें तर मायाच कमी झाली असें जें घरांतल्या माणसांस वाटतें, त्याचें मूळ या जुन्या नात्यांत असावें. म्हणून तुपातेलाचा प्रश्न एकत्र कुटुंबांत निघाला म्हणजे तो केवळ आहाराचा राहत नाहीं.

आमच्या मेहकरच्या घरांत तो दोन वर्षांपूर्वीं निघाला. आमच्या धाकट्या बंधूंस हृदयविकाराचा झटका आला. अकोल्यास उपचार झाले आणि घरीं परततांना डॉक्टरांनीं 'संपृक्त स्निग्ध पदार्थ कमी करा' असें बजावलें. घरांत जेवणारीं माणसें अकरा. धाकट्या सूनबाईंनीं बंधूंचा स्वयंपाक निराळा करण्याचें सुचविलें. त्यावर नव्वदीकडे झुकलेल्या आमच्या मातोश्री म्हणाल्या, "एका घरांत दोन फोडण्या मीं कधीं केल्या नाहींत. तूप वाईट असेल तर तें सर्वांच्याच पानांतून काढा, आणि चांगलें असेल तर माझ्या मुलालाच कां नाहीं?" प्रश्न बिनतोड होता. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं 'संपृक्त' म्हणजे काय हें समजून घेणें आम्हांस प्राप्त झालें.

शब्द आम्हांस परका नव्हता. रघुवंशाच्या पहिल्याच श्लोकांत शब्द व अर्थ यांच्या अभेद्य जोडीस तो लाविला आहे. रसायनशास्त्रांत मात्र त्याचा अर्थ 'पूर्ण भरलेला' असा होतो. प्रत्येक स्निग्ध पदार्थांत मेदाम्लांच्या लांब सांखळ्या असतात. सांखळीची कडी म्हणजे कार्बनचा अणु, आणि त्यास हायड्रोजनचे अणु चिकटलेले. हायड्रोजनच्या सर्व जागा भरलेल्या असल्या तर तें मेदाम्ल संपृक्त. कांहीं जागा रिकाम्या राहून तेथें दोन कड्या दुहेरी बंधानें जोडलेल्या असल्या तर तें असंपृक्त. या दुहेरी बंधापाशीं सांखळी बहुधा वांकते. आमच्या भागांतील वाचकांनीं तुऱ्हाटी आणि पऱ्हाटी आठवावी. तुरीच्या सरळ काड्यांची मोळी घट्ट बसते. कपाशीच्या वेड्यावांकड्या काड्यांची कितीही आवळली तरी सैलच राहते. संपृक्त सांखळ्या सरळ, म्हणून तूप थंडींत थिजतें. असंपृक्त वांकड्या, म्हणून करडईचें तेल पौषांतही पातळ राहतें.

हा भेद शरीरांतही जाणवतो. संपृक्त मेद फार पोटांत गेला म्हणजे रक्तांतील घातक कोलेस्टेरॉल उचलून घेण्याची यकृताची शक्ति मंदावते. तें रक्तांत वाढतें आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत थर धरूं लागतें. संपृक्त मेदाच्या जागीं असंपृक्त तेल घेतल्यास हें कोलेस्टेरॉल उतरतें. साखर व मैदा घेतल्यास मात्र हृदयास लाभ होत नाहीं. तूप सोडून चहाबरोबर बिस्किटें खाणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

तुपांत संपृक्त भाग सुमारें ६० टक्के, खोबरेलांत सुमारें ९०, पाम तेलांत जवळजवळ अर्धा, शेंगदाण्याच्या तेलांत सुमारें एक पंचमांश, आणि करडईच्या तेलांत दहा टक्क्यांहूनही कमी. याखेरीज एक तिसरी जात मनुष्यानें निर्माण केली. १९०२ सालीं विल्हेल्म नोर्मान या जर्मन रसायनज्ञानें पातळ तेलांत हायड्रोजन भरून तें घट्ट करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. आपल्याकडे १९३७ मध्यें आलेला डालडा याच कृतीचा. या क्रियेंत कांहीं वांकड्या सांखळ्या न भरतांच सरळ होतात. त्यांस ट्रान्स मेद म्हणतात, आणि हृदयास तो तुपाहूनही अधिक अपायकारक ठरला आहे. भारत सरकारच्या नियमानें २०२२ सालापासून तेलें व वनस्पति तूप यांत त्याचें प्रमाण २ टक्क्यांहून अधिक असूं नये असें ठरलें.

बुलढाणा जिल्ह्यास या बाबतींत कोणापाशीं हात पसरण्याचें कारण नाहीं. आमच्या बाळपणीं करडई, तीळ, जवस घरच्या शेतांतून घाण्यावर जात. आज शेतांत सोयाबीन दिसतें. त्याच्याही तेलांत असंपृक्त भागच अधिक. जवसाच्या तेलांत तर ओमेगा-३ जातीचें मेदाम्ल निम्म्याच्या आसपास असतें. मात्र हेंच तेल प्राणवायु शोषून वाळतें, म्हणून लांकडाच्या रंगरोगणांत वापरतात. अर्थात् तें तळणास घेऊं नये. जवस भाजून चटणी करावी, तीही थोडी थोडी व ताजी. आणि कोणतेंही तेल पुन्हां पुन्हां तापवूं नये.

आतां हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकीं संपृक्त मेदाचा वांटा दहाव्या हिश्शाहून अधिक नसावा. २००० उष्मांकांचा आहार धरला तर २००, म्हणजे सुमारें २२ ग्रॅम. चहाच्या एका चमच्याएवढ्या तुपांत तो ३ ग्रॅम असतो. परंतु म्हशीच्या दुधांत ६ टक्के स्निग्धांश धरल्यास पेलाभर दुधांत तो ८ ग्रॅमांच्या घरांत जातो! वरणभातावरील दिसणाऱ्या तुपाशीं आम्ही भांडत होतों, आणि चहा, साय, खारी, फरसाण यांतून न दिसणारा मेद निवांतपणें पोटांत जात होता.

तेव्हां मातोश्रींस आम्हीं उत्तर दिलें कीं, फोडणी एकच राहील, पण ती सर्वांचीच बदलेल. दर माणशीं महिन्यास अर्धा लिटर याप्रमाणें अकरा जणांस साडेपांच लिटर तेल. तें करडईचें व शेंगदाण्याचें आलटून पालटून. दूध साय काढून. खारी व फरसाण बंद. वरणावर तूप प्रत्येकास एक चमचा, बंधूंसही. सूनबाईंनीं महिन्याचें तेल पहिल्या तारखेस मोजून वेगळें ठेवण्याचा परिपाठ घातला. पुढील तपासणींत बंधूंचें कोलेस्टेरॉल उतरलेलें आढळलें. औषधें अर्थातच चालूच आहेत, आणि आहार हा त्यांस पर्याय नव्हे.

मातोश्रींनीं एकच अट घातली: सणाच्या दिवशीं पुरणपोळीवरचें तूप कोणीं मोजूं नये. आम्हीं ती मान्य केली. बंधु त्या दिवशींही आपला एक चमचा घेऊन स्वस्थ बसतात, आणि मातोश्री आतां त्यांस आग्रह करीत नाहींत. ज्या घरांत असा प्रश्न आज उभा असेल, त्यांनीं रोग्याचें ताट निराळें करण्यापूर्वीं सर्व घराच्या तेलातुपाचा महिन्याचा आंकडा एकदां कागदावर मांडून पाहावा, एवढीच आमची विनंति आहे.