दुखरा खांदा

नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीची मोहीम राज्यातल्या शाळाशाळांतून सुरू झाली. आमच्या उर्दू शाळेतल्या बऱ्याच आयांनी तेव्हा मुलांना घरीच ठेवले. शाळा सुटली की आम्ही घरोघर फिरायचो. "भाभी, त्या अफवा आहेत. बच्च्यांना पाठवा," असे विनवायचो. अंधार पडल्यावर आंबीला घरी पोहोचायचो. हळूहळू मुले आली.

२०२१ मध्ये कोरोनाची लस आली. आम्ही रांगेत पुढे होतो. सुई डाव्या खांद्यात फार वर टोचली गेली. दुसऱ्या दिवसापासून हात उचलेना. लेकीच्या वेण्या घालता येईनात, नमाजला हात कानापर्यंत जाईना. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "सुई दंडाच्या मांसल भागात हवी. वर गेली तर सांध्याजवळ सूज धरते." व्यायाम, औषधे, बिनपगारी रजा यांत वर्ष गेले.

भरपाई मागायला गेलो, तर असा अर्जच नाही म्हणाले. वकीलसाहेबांनी कायदा समजावला. अमेरिकेने २०१७ मध्ये नेहमीच्या लसींनंतरची खांद्याची इजा भरपाईच्या यादीत घातली. दुखणे ४८ तासांत सुरू झाले आणि बाकीच्या अटी जुळल्या, तर टोचणाऱ्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. आपल्याकडे सर्वांना मोफत मिळणारी सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनेही त्याच न्यायालयात सांगितले, की कोरोना लसीने त्रास झालेल्यांनी दिवाणी न्यायालयात जावे. तिथे चूक आम्हीच सिद्ध करायची. सुई किती वर गेली, याचा कागद कुठून आणणार?

त्याहून मोठी भीती वेगळीच होती. शेजारीण म्हणाली, "देखो, हम बोले थे ना!" आमच्या दाव्याचा बोभाटा झाला, तर २०१८ ची पायपीट वाया जाईल, असे वाटले. आम्ही गप्प बसलो.

ते चुकलेच. पुढे एका आईने विचारले, "टीचर, तुमच्या हाताला काय झाले?" आम्ही सगळे खरे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सच बोले, अच्छा किया." दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन ती डोस द्यायला गेली.

लस घ्या, असे आम्ही आजही सांगतो. पण सर्वांच्या भल्यासाठी ज्याने दंड पुढे केला, त्याला इजा झाली तर तो खर्चही सर्वांनी मिळून उचलावा. ही मागणी लसीविरुद्ध नाही. लोकांचा भरवसा टिकतो तो त्यानेच.